मधली गिटार

गिटार माझी नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण लोक बोटांकडे बघतात आणि धरून चालतात
की खांद्यावरचा पट्टाही माझाच असणार.
गिटार मालकाची. अँप मालकाचा.
वायर मालकाची. तिच्यावरची चिकटपट्टी तेवढी मी आणलेली,
पदरमोड करून.

घरी एक फळी आहे,
दाराच्या चौकटीतून उरलेली, गिटारीच्या गळ्याएवढी.
तिच्यावर सायकलच्या ब्रेकच्या तारा, खिळ्यांना आवळून.
आवाज म्हणावा असा नाही तिला.
सकाळी मी तिच्यावर हात फिरवतो,
माकिएसे उखळात कसावाचा पाला कुटते,
मधेच थांबते, कपाळ पुसते,
त्या थांबण्यात मी माझे दोन सूर बसवतो.
"आज बरं वाजलं," ती म्हणते.
थट्टा करते की खरं बोलते
ते अकरा वर्षांत कळलेलं नाही.

दुपारी तालीम, वीज आली तर.
उशीर झाला की दंड, आणि मालकाचं घड्याळ
सगळ्या किन्शासाच्या दहा मिनिटं पुढे.

आमच्यात तीन गिटारी.
पुढची गाते, नोटा तिच्या कपाळावर चिकटतात.
मागची चालवते, तिच्यावर कमरा हलतात.
मधे मी,
नवराबायकोच्या भांडणात दोघांचं ऐकून घेणारा शेजारी.
मी थांबलो तर गिटार थांबली असं कुणी म्हणणार नाही.
म्हणतील, आज मीठ कमी पडलंय कशात तरी.

शनिवारी लग्न, एरवी कुणीतरी जातंच.
काल न्गाबात होतो, रस्त्यावर मांडव टाकलेला,
प्लॅस्टिकच्या खुर्च्या, जनरेटर,
आणि फोटोत एक पोरगा, शर्टाचं वरचं बटण लावलेला.
रात्रभर वाजवायचं. झोप मेलेल्यालाच.

मोपेपे माइकवर नावं पुकारतो.
नावाला दर आहे. दोनदा हवं तर दुप्पट.
सिमेंटवाल्याचं नाव, व्हिसाची कामं करणाऱ्याचं,
ब्रुसेल्सच्या एका मामाचं, ज्याने पैसे पाठवले आणि तो आला नाही.
अडीच वाजता पोराची आई उठली.
मुठीत एक नोट, घामाने मऊ झालेली.
म्हणाली, माझ्या न्लांडूचं नाव घ्या.
मोपेपेने नोट बघितली, मग मालकाकडे बघितलं.
मालकाने जनरेटरकडे.
मोपेपेने पुन्हा सिमेंटवाल्याला पुकारलं.

आमच्या बोलीत नावाला सूर असतो.
न्लां खाली, डू वर.
ते दोन सूर मला कधीही सापडतात,
अंधारात किल्ली सापडावी तसे.
मी ते मधे टाकले, फेऱ्याच्या शेवटी, घाईत, जरा चुकतच.
पुढच्या फेऱ्याला मागच्या गिटारवाल्याने
त्याच जागी हात उचलला. जागा मोकळी.
माझ्याकडे बघितलं नाही त्याने.
त्याच्याशी मी दोन महिने बोलत नव्हतो,
एका उसन्या शर्टावरून.
मग दर फेऱ्याला, पहाटेपर्यंत,
न्लांडू. न्लांडू.
सिमेंटवाला नाचत होता त्याच्यावर.
म्हातारी खुर्चीत बसून राहिली, नोट मुठीतच.
तिला कळलं का, कसं सांगू?
तिचा एक पाय हलत होता,
पण पाय काय, सगळ्यांचेच हलत होते.

सकाळी गिटार पेटीत गेली. कुलूप लागलं.
किल्ली मालकाच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी.
हातावर पैसे, दंड कापून.
पायी घरी. वाटेत एक पाव, निम्मा वाटेतच संपला.

माकिएसेने विचारलं, कोण गेलं?
बोलायचं त्राण नव्हतं.
फळी ओढली. खाली, वर.
ती थांबली, मुसळ हवेतच.
"न्लांडू?" म्हणाली.
"कुठला? टायरवाल्याचा, की नळाशेजारचा?"